कारांगाची एक रात्र

किलिमांजारोच्या सहलींची माहितीपत्रकं समोर आली की नजर आधी किमतीवर जाते आणि मग दिवसांवर. सहा दिवस, सात दिवस, आठ दिवस. शिखर तेच, तंबू तसेच, जेवणही तेच. मग एका दिवसापायी एवढे पैसे जास्त कशाला मोजायचे? शिवाय रजेचा प्रश्न असतोच. सहा दिवसांचा बेत पक्का होतो आणि विमानाची तिकिटं निघतात. या डोंगरावर पुढे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं असं घरच्या सोफ्यावरच ठरून गेलेलं असतं.

टांझानियात उत्तरेला, केनियाच्या सीमेलगत उभा असलेला किलिमांजारो म्हणजे तीन ज्वालामुखी: शिरा, मावेन्झी आणि किबो. यातल्या किबोच्या काठावरचं उहुरू हे टोक ५,८९५ मीटर उंच, आफ्रिकेतलं सर्वोच्च. नेहमीच्या वाटांनी जाताना ना दोर लागतो, ना बर्फकुऱ्हाड. एका ठिकाणी, बारांको भिंतीवर, हात टेकावे लागतात. पण ज्याने हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली आहे त्याला ती भिंत खेळ वाटेल. म्हणूनच मुंबई-पुण्याचे गट तिकडे मोठ्या संख्येने जातात आणि म्हणूनच फसतात. डोंगर सोपा आहे, उंची सोपी नाही.

आता हे पाहा. माचामे या नेहमीच्या वाटेचं प्रवेशद्वार, जिथे चालायला सुरुवात होते, ते साधारण १,८०० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर. महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा जिथे संपते, त्याच्याही वर तिथला पहिला दिवस सुरू होतो आणि त्यावर आणखी चार हजार मीटर चढायचे असतात. सह्याद्री पाय घडवतो, गुडघे घडवतो, पावसात न चिडता चालायला शिकवतो. विरळ हवेचा सराव मात्र तो देऊ शकत नाही, कारण तेवढी उंचीच त्याच्याकडे नाही.

वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण घटतं असं आपण सहज म्हणून जातो. प्रमाण तेच असतं, २१ टक्के. घटतो तो हवेचा दाब. उहुरूवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला मिळणारा ऑक्सिजनही निम्म्यावर येतो. शरीर यावर उपाय शोधतं. श्वास जोरात चालतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, मग मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून तोल सावरतात. लघवी वारंवार होते, झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते. हे सगळं त्रासदायक, पण बऱ्याच अंशी शरीर जुळवून घेत असल्याचं लक्षण. या कामाला दिवस लागतात आणि घाई केलेली त्याला चालत नाही. व्यायामानेही ते लवकर होत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्याला उंचीचा त्रास होतो आणि बेताच्या चालीची साठीची बाई वर पोहोचते, यात चमत्कार काही नाही.

आपल्याकडे सिंहगड किती मिनिटांत चढला याचे विक्रम दर रविवारी मोडतात. ती सवय पुण्यातच ठेवून जावी. किलिमांजारोवर पुढे चालणारा वाटाड्या, तिथे त्याला गाइडच म्हणतात, दिवसभर ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू असं बजावत राहतो आणि स्वतः अशा चालीने चालतो की पहिल्या दिवशी जंगलातून जाताना तरुण मंडळींना ते अपमानासारखं वाटतं. त्याला ओलांडून पुढे जाण्याचा मोह होतो. मागून येणारे हमाल भराभर पुढे निघून जात असतात, तेव्हा तो आणखी वाढतो. पण हमाल इथेच जन्मले, वाढले; वर्षभर चढउतार करतात. त्यांच्याशी शर्यत लावण्यात अर्थ नाही.

गट घेऊन, वाटाड्या आणि हमालांसह चढण्याची ही पद्धत या डोंगराच्या पहिल्या चढाईइतकीच जुनी आहे. १८४८ मध्ये योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने विषुववृत्ताजवळ बर्फाचा डोंगर पाहिला आणि तसं कळवलं, तेव्हा लंडनमधल्या घरबसल्या भूगोलतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं होतं. पुढे हान्स मायर हा जर्मन १८८७ मध्ये अर्ध्यातून परतला. १८८९ मध्ये तो ऑस्ट्रियाच्या लुडविग पुर्टशेलर या गिर्यारोहकासह आला तो वेगळा विचार करून. त्याने डोंगरावर वेगवेगळ्या उंचीवर तळ मांडले आणि खालच्या मारांगू गावातून तिथे नियमित शिधा पोहोचेल अशी व्यवस्था लावली. एका प्रयत्नात जमलं नाही तरी पायथ्यापर्यंत उतरावं लागणार नव्हतं. वर राहायला वेळ मिळाला आणि ६ ऑक्टोबर १८८९ ला ते शिखरावर पोहोचले. शिधा वाहणाऱ्या, पायथ्याच्या चागा जमातीतल्या माणसांची नावं फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत. योहानी किन्याला लाउवो या चागा वाटाड्याचं नाव तेवढं आज घेतलं जातं. मायरने शिखराला जर्मन कैसरचं नाव दिलं होतं. ९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला, त्या वेळी अलेक्झांडर न्यिरेंडा या लष्करी अधिकाऱ्याने तिथे मशाल आणि झेंडा रोवला, आणि शिखर उहुरू झालं, म्हणजे स्वातंत्र्य.

१९९१ पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय या डोंगरावर जाता येत नाही. दहा जणांच्या गटामागे तीस-चाळीस माणसं सहज असतात: मुख्य वाटाड्या, त्याचे सहायक, स्वयंपाकी आणि बाकी सगळे हमाल.

आता सहा दिवसांच्या बेतात गाळल्या जाणाऱ्या त्या दिवसाकडे येऊ. माचामे वाटेने पहिला मुक्काम जंगल संपतं तिथे, सुमारे ३,००० मीटरवर. दुसरा शिरा पठारावर, ३,८०० च्या आसपास. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर नावाच्या काळ्या सुळक्यापाशी ४,६०० मीटरपर्यंत चढवतात, डबा खायला लावतात आणि पुन्हा खाली बारांको दरीत ३,९५० च्या आसपास मुक्कामाला आणतात. अनेकांचं डोकं पहिल्यांदा दुखतं ते इथे. वर जाऊन खाली झोपायचं, हे या सगळ्या बेताचं सूत्र आहे. शरीराला वरची ओळख करून द्यायची आणि रात्र सोसेल अशा उंचीवर काढायची. बारांकोची दरी आहेही सुंदर. माणसाहून उंच, खोडावर वाळक्या पानांचं जाड पांघरूण घेतलेली सेनेसिओची झाडं जगात फार थोड्या ठिकाणी दिसतात.

चौथ्या दिवशी भिंत चढून, दोन-तीन दऱ्या ओलांडून चार-पाच तासांत कारांगा येतं. उंची जेमतेम ४,०००. काल जिथे झोपलो जवळपास तिथेच! कागदावर हा दिवस वाया गेलेला दिसतो आणि सहा दिवसांच्या बेतात गाळला जातो तो नेमका हाच. मग बारांकोहून भिंत, दऱ्या आणि पुढचा चढ एकाच दिवसात उरकून थेट बाराफूच्या तळावर, ४,६५० मीटरच्या आसपास, संध्याकाळच्या तोंडाला पोहोचायचं. जेवण घशाखाली उतरत नाही, दोन-तीन तास पाठ टेकायची आणि मध्यरात्री शिखराकडे निघायचं. कारांगाला मुक्काम केलेला गट दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणालाच बाराफूला असतो. चार हजार मीटरवरची एक रात्र पदरात आणि निघण्याआधी अर्धा दिवस विश्रांती. जास्तीचे पैसे याचे आहेत.

खरं सांगायचं तर सात दिवसांचाही बेत पुस्तकी नियमात पुरता बसत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा उंचीच्या वैद्यकाचा सल्ला आहे. पश्चिमेकडून येणारी लेमोशो वाट आठ दिवसांची घेतली तर त्या सल्ल्याच्या बरंच जवळ जाता येतं. पाच दिवसांत मारांगू वाट करवणारे मात्र २,७२०, ३,७२० आणि ४,७२० मीटरवरच्या झोपड्यांत लागोपाठ झोपवतात. गादी मिळते, छप्पर मिळतं, म्हणून ती आरामाची वाट समजली जाते. माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात वाईट सौदा तोच.

शिखराची रात्र. मध्यरात्री निघण्याची कारणं साधी आहेत: गोठलेल्या मुरमावर पाय कमी घसरतो, पहाटेनंतर ढग जमू लागतात आणि उतरायला उजेड हवा असतो. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात पुढच्याच्या टाचा बघत बाराशे मीटर चढायचे. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून पाणी बाटलीत आणि बाटली उलटी ठेवायची. फोन आतल्या कपड्यात, अंगाच्या उबेत. स्टेला पॉइंटला विवराचा काठ लागतो आणि तिथून उहुरू साधारण तासाभरावर. त्यानंतर त्याच दिवशी म्वेका तळापर्यंत, ३,१०० मीटरच्या आसपास, उतरायचं असतं. गुडघे बोलतात ते तेव्हा.

गटाचा खरा उपयोग आणि खरा धोका, दोन्ही याच रात्री दिसतात. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं हा त्रास बहुतेकांना थोडाफार होतो. पण जो सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालू शकत नाही, असंबद्ध बोलतो, त्याच्या मेंदूला सूज येत असू शकते. जो बसल्या जागी धापा टाकतो, खोकतो, त्याच्या फुप्फुसात पाणी भरत असू शकतं. दोन्हींवर पहिला उपाय एकच: खाली उतरवणं, तेही लगेच, उजाडायची वाट न बघता. पुरेसे सहायक वाटाडे असतील तर एक जण आजाऱ्याला घेऊन उतरतो आणि बाकीचे पुढे जातात. नसतील, तर एकासाठी सगळ्यांना फिरावं लागतं, किंवा आजाऱ्याला ढकलत वर नेलं जातं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. वर तो सगळ्यांचाच घसरलेला असतो. डायमॉक्सची गोळी जुळवून घ्यायला मदत करते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी सांगून घ्यायची. दुखणं झाकून पुढे जाण्यासाठी ती नाही.

झाकण्याचा आजार आपल्याकडे जरा जास्तच. परत पाठवतील या भीतीने डोकं दुखल्याचं कोणी सांगत नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट किंवा शिवजयंतीला शिखरावर झेंडा फडकवायचा म्हणून गट निघतात. घरी पेढे वाटायची तयारी झालेली असते. उत्साह समजतो. पण तारीख ठरली की एक दिवस थांबायची मुभा संपते, आणि या डोंगरावर तीच मुभा सगळ्यात मोलाची आहे. ज्यांना तारीखच गाठायची आहे त्यांनी तिच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवून निघावं.

आता स्वस्त सहलीबद्दल. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दर माणशी दर दिवशी असतं आणि ते सगळ्या कंपन्यांना सारखं. त्यात कुणालाच घासाघीस करता येत नाही. मग एखादी कंपनी इतरांपेक्षा बरीच स्वस्त कशी पडते? एक तर ती दिवस कापते, नाही तर वाटाडे कापते, नाही तर हमालांची मजुरी आणि जेवण कापते. बाराफूला पाणी नाही. तिथे तुमच्या चहाचं आणि सूपचं पाणी हमालांनी खालच्या कारांगा दरीतून वाहून आणलेलं असतं. हमालाच्या पाठीवर २० किलोंहून जास्त ओझं नसावं असा नियम आहे आणि प्रवेशद्वारावर वजन होतं. तरी पातळ बुटांत आणि एका वेळच्या जेवणावर चालणारा हमाल या डोंगरावर दिसत आला आहे. हमालांची मजुरी, जेवण आणि तंबू नीट आहेत का यावर २००३ पासून ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था नजर ठेवते आणि तिच्या कसोटीला उतरणाऱ्या कंपन्यांची यादीही ठेवते.

निघायला जानेवारी ते मार्चची सुरुवात किंवा जून ते ऑक्टोबर हे महिने कोरडे. शिखरावरचं बर्फ पाहायचं असेल तर फार लांबणीवर टाकू नका. १९१२ ते २०११ या काळात तिथल्या हिमनद्यांचा ८० टक्क्यांहून जास्त भाग नाहीसा झाला आहे.

आणि पैसे भरण्याआधी कंपनीला फोन करून चार गोष्टी विचारा. कारांगाला मुक्काम आहे का? शिखराच्या रात्री दर दोन-तीन माणसांमागे एक वाटाड्या असेल का? हमालांना मजुरी किती देता आणि दिवसातून किती वेळा जेवण? मुख्य वाटाड्याने परत फिर म्हटलं तर त्याचा शब्द शेवटचा आहे ना? यांतल्या एकाही प्रश्नावर समोरचा गुळमुळीत बोलू लागला, तर सवलत कितीही असो, दुसरी कंपनी शोधा. विम्याची कागदपत्रंही त्याच दिवशी वाचून घ्या: सहा हजार मीटरपर्यंतची पदभ्रमंती त्यात आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो विमा या डोंगरावर तुमच्या कामाचा नाही.