लालबागचा नवा भोंगा
लालबागमध्ये एकेकाळी घरं गिरणीच्या भोंग्यावर चालायची. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. बांधकामावर आता ऐकू येतो डंपरचा रिव्हर्स हॉर्न. मागे माणूस असो-नसो, तो वाजतोच. मग कान सरावतात, आणि धोका तिथंच! कारण ड्रायव्हरला केबिनमधून थेट मागचं दिसत नाही.

'प्रॉक्सिमिटी वॉर्निंग'चं तसं नाही. कामगाराच्या हेल्मेटवर टॅग, मशीनवर सेन्सर. माणूस ठरावीक अंतराच्या आत आला, तरच अलार्म वाजतो. पण टॅग नसलेला माणूस या यंत्रणेला कळतच नाही. म्हणजे नाक्यावरून एका दिवसासाठी आलेल्या मजुरालाही तो हवाच.

साइटवर इंटर्नशिपला जाताय? पहिल्याच दिवशी विचारा, टॅग सगळ्यांना आहे ना?