पन्नाशीनंतरची सही
मुलाच्या शिक्षणाचे कर्ज, बापाचे दुकान आणि घरातला हिशोब

व्यापारी माणूस उधारीला घाबरत नाही. कापडाच्या धंद्यात तर उधारीशिवाय ताका उलगडत नाही. भिवंडी-मालेगावचा माल वायद्यावर येतो, ईद, गणपती आणि लग्नसराईत विकला जातो आणि मग पेढीची रक्कम चुकती होते. कोणत्या गिऱ्हाइकाला किती थांबायचे, हे आम्हाला वही न उघडता सांगता येते. पण हाच हिशोबी व्यापारी आयुष्यातले एक मोठे कर्ज न वाचता घेतो. ते कर्ज म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाचे.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचे सांगतो. २०१७ साली आमच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घरात आनंद होता. आम्ही बँकेत गेलो आणि जेथे जेथे पेन्सिलीने फुली केली होती, तेथे तेथे सह्या केल्या. आमची समजूत अशी की कर्ज मुलाचे आहे, आम्ही फक्त जामीन आहोत. २२ जुलै २०२१ रोजी महाडला महापूर आला. सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले, दुकानातील ताके चिखलात गेले. नवा माल भरण्यासाठी आम्ही कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली, तेव्हा अधिकाऱ्यांनी संगणकात पाहून सांगितले, "चाचा, तुमच्या नावावर आधीच एक कर्ज आहे." ते मुलाच्या शिक्षणाचे कर्ज होते. बँकेने काही लपवले नव्हते. कराराच्या पहिल्याच पानावर आमच्या नावापुढे 'सहकर्जदार' हा शब्द छापलेला होता. वाचला नाही तो आम्हीच.

एमआयडीसीतील कामगारांच्या गणवेशाचे सुती कापड आम्ही पुरवतो. त्यामुळे बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंतचे फिटर, वेल्डर, ऑपरेटर दुकानात येतात. जून-जुलै आला की कापडापेक्षा कर्जाच्याच गोष्टी जास्त होतात. कोणाच्या मुलीला फार्मसी मिळालेली असते, कोणाच्या मुलाला केमिकल इंजिनिअरिंग. विचारणारा बहुधा पंचेचाळीस ते पंचावन्न वर्षांचा असतो. त्या सर्वांना जे सांगतो, तेच येथे लिहीत आहोत.

जामीन वेगळा, सहकर्जदार वेगळा

भारतीय बँक संघाने, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनने, २००१ साली शैक्षणिक कर्जाची एक आदर्श योजना तयार केली. पुढे तिच्यात बदल झाले. बहुतेक बँका आजही त्याच चौकटीत काम करतात. ४ लाखांपर्यंत तारण नाही. ४ ते ७.५ लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची हमी किंवा सरकारी हमी निधीचे संरक्षण. ७.५ लाखांच्या वर घर, जमीन, दुकान, ठेव असे काहीतरी तारण द्यावे लागते. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्षापर्यंत हप्ता नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत फेड.

या योजनेत आई किंवा बाप सहकर्जदार असतो. विद्यार्थी विवाहित असेल तर नवरा, बायको किंवा सासू-सासरे चालतात. सहकर्जदार म्हणजे अर्ध्याचा मालक नव्हे; बँकेच्या दृष्टीने तो पूर्ण रकमेचा देणेकरी आहे. मुलाने हप्ता चुकवला तर डाग दोघांच्या सिबिलवर पडतो. मुलाचे वय पंचवीस असते, त्याला डाग धुण्यास वेळ आहे. बापाच्या दुकानाची सीसी मात्र दर वर्षी नव्याने तपासली जाते. म्हणजे पुण्यात नोकरी सुटली मुलाची आणि महाडमध्ये माल भरणे थांबले बापाचे, असे होऊ शकते.

गणित मांडून पाहू

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांचा कोर्स, दर वर्षी २ लाख, एकूण कर्ज ८ लाख. व्याजदर १० टक्के धरू. हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. शिक्षणाच्या काळात ते सरळ व्याज असते. पहिले २ लाख पाच वर्षे, दुसरे चार, तिसरे तीन, चौथे दोन वर्षे बँकेचे पैसे वापरतात. पाच वर्षांचे व्याज होते २ लाख ८० हजार. ते मुद्दलात मिळून १० लाख ८० हजार होतात आणि फेड तेथून सुरू होते.

दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १४,२७० रुपये. एकूण जातात १७ लाखांहून थोडे अधिक. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता सुमारे ११,६०० रुपये, पण एकूण जवळजवळ २१ लाख. हप्ता कमी म्हणून लांब मुदत घेणारा बाप ८ लाखांचे २१ लाख देतो.

आता वय पाहा. प्रवेशाच्या वेळी बाप ५२ वर्षांचा असेल तर पहिला हप्ता ५७ व्या वर्षी येतो. दहा वर्षांची मुदत ६७ व्या वर्षी संपते, पंधरा वर्षांची ७२ व्या वर्षी. कारखान्यातील कामगार तोपर्यंत केव्हाच निवृत्त झालेला असतो. आम्हा व्यापाऱ्यांना निवृत्ती नाही, पण गुडघे दुखतातच.

यावर एक उपाय आहे. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत जावे. वरील उदाहरणात पहिल्या वर्षी महिना सुमारे १,६७० रुपये आणि शेवटी ६,६७० रुपये होतात. तसे केल्यास मुद्दल ८ लाखच राहते, दहा वर्षांचा हप्ता १०,५७० वर येतो आणि एकूण दीड लाखाहून अधिक वाचतात. असे भरणाऱ्यास काही बँका व्याजात सवलतही देतात. आणि मुलगा घरी राहून शिकू शकत असेल तर वसतिगृहाचा खर्च कर्जात येत नाही. शेजारच्या माणगाव तालुक्यात लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथे जागा मिळत असेल तर ती सोडून दूरच्या महागड्या कॉलेजला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सूदचा प्रश्न

आपल्या वाचकांच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार. व्याज देणे आम्हाला टोचते आणि टोचलेच पाहिजे. फतवा देणे व्यापाऱ्याचे काम नाही. आपल्या आलिमांना विचारावे. पण विचारण्याआधी बिनव्याजी दरवाजे ठोठावले का, हे स्वतःला विचारावे. शिष्यवृत्ती, अंजुमनची मदत, आखातातील नातेवाईकांकडून कर्ज-ए-हसना, गाळ्यावरची पागडी, पडून असलेले सोने, हे सर्व पाहून झाल्यावरच बँकेची पायरी.

व्याजाचा बोजा कमी करणाऱ्या काही सरकारी योजना आहेत. केंद्राचे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ पासून आणि राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० पासून काम करते. त्यांच्याकडून कमी उत्पन्नाच्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना ३ टक्के दराने शैक्षणिक कर्ज मिळते. विद्यार्थ्याचे वय १६ ते ३२ असावे लागते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडलेल्या संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीन लागत नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, व्याजात ३ टक्के सवलत मिळते. आपले कॉलेज त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी पाहावे. परदेशी शिक्षणासाठीची 'पढो परदेस' ही व्याजसवलत २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर कोणी राहू नये.

हा पेच फक्त आपला नाही. इंग्लंडमधील मुस्लिम विद्यार्थ्यांनी व्याजाच्या कर्जाला पर्याय मागितला. २०१७ साली तेथील कायद्यात तशी तरतूद झाली, पण प्रत्यक्ष योजना वर्षानुवर्षे लांबत गेली. अमेरिकेत १९८० पासून आई-बापांनी स्वतःच्या नावावर मुलांसाठी घ्यायचे सरकारी कर्ज आहे. त्यामुळे तेथे साठी उलटलेले लोकही शिक्षणाचे हप्ते भरताना दिसतात. यावरून धडा एवढाच की सरकारची वाट पाहत बसण्यापेक्षा जमातीने आपला फंड उभारावा. गुंतलेल्या कर्जदाराला मदत करणे हा तर जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एकाचा हक्क आहे. मोहल्ल्याच्या बैतुलमालने दर वर्षी दोन मुलांचे फक्त व्याज जरी उचलले, तरी दोन बाप सुखाने झोपतील.

घरातला कागद

आता सर्वात नाजूक गोष्ट. आपण परक्यासोबत दहा हजारांचा व्यवहार केला तरी चिठ्ठी लिहितो. मुलाच्या दहा लाखांबद्दल घरात एक ओळ लिहीत नाही. कुरआनची सर्वात लांब आयत, सूरह बकरामधील २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. बाप-बेट्याला त्यातून सूट दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

लिहायचे का? कारण माणूस गेल्यावर आधी त्याचे कर्ज फेडले जाते, मगच वारसांचे हिस्से होतात. घर एका मुलाच्या शिक्षणासाठी तारण ठेवले आणि उद्या बाप अल्लाहला प्यारा झाला, तर ते ओझे त्या मुलाच्या बहिणींच्या हिश्श्यावरही पडते. त्या तर बँकेत गेल्याही नव्हत्या. हजरत मुहम्मद (स.) कर्ज डोक्यावर ठेवून गेलेल्या माणसाच्या जनाज्याची नमाज पढवण्यास थांबत, कोणी कर्जाची जबाबदारी घेईपर्यंत. हे सर्वांनी ऐकलेले आहे. ते आपल्या घराला लावून पाहणारे थोडे.

पुरानंतर आम्ही मुलाला समोर बसवले. हप्ता कोणी भरायचा, नोकरी नसेल तेव्हा किती महिने दुकान भरेल, दुकानाने भरलेले पैसे मदत समजायचे की मुलावरचे कर्ज, हे साध्या कागदावर लिहिले. दोन्ही मुलींसमोर वाचले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मुलगा क्षणभर नाराज झाला. म्हणाला, "अब्बा, माझ्यावर भरवसा नाही?" आम्ही म्हणालो, "भरवसा आहे म्हणूनच लिहितो. भरवसा नसता तर सहीच केली नसती." आज तो हप्ता स्वतः भरतो. एखाद्या महिन्यात अडचण आली तर तारखेच्या आधी फोन करतो. कागदाने आमच्यात अंतर आणले नाही, उलट कुजबूज मिटवली.

चाळिशीत स्वतः शिकणाऱ्यांसाठी

दुकानात असेही येतात, ज्यांना मुलासाठी नव्हे तर स्वतःसाठी शिकायचे असते. दहावीवर वीस वर्षे ऑपरेटर राहिलेला माणूस पाहतो की पदवीवाला पोरगा त्याच्यावर सुपरवायझर होऊन आला. त्याचे दुःख खरे आहे आणि शिकण्याला वय नाही. बँकांच्या आदर्श योजनेतही वयाची अट नाही. पण कर्जाला वय असते. पंचेचाळिसाव्या वर्षी शिकून पन्नाशीत बढती मिळाली, तर वाढीव पगार किती वर्षे मिळणार आणि हप्ता किती वर्षे जाणार, हे दोन आकडे शेजारी लिहावेत.

बहुतेकांना कर्ज लागतच नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. आमच्यासारख्या उर्दू माध्यमवाल्यांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ पासून आहे आणि ते घरबसल्याही शिकवते. अशा ठिकाणची फी पगारातून निघते. मोठी फी मागणाऱ्या खासगी कोर्सवाल्याकडे जाण्यापूर्वी आपल्याच प्लांटच्या ऑफिसात विचारावे की हे प्रमाणपत्र येथे चालते का. नाही म्हणाले तर पैसे वाचले.

सही करण्यापूर्वी

थोडक्यात सांगायचे तर, करार घरी आणून वाचा. इंग्रजी असेल तर शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. आपण जामीन आहोत की सहकर्जदार, ते बोट ठेवून पाहा. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी आपले वय किती असेल, ते वहीत लिहा. दुकान किंवा राहते घर यांपैकी एक तरी तारणाबाहेर ठेवा. शिक्षणाच्या काळात जमेल तेवढे व्याज भरत चला. जुन्या कररचनेत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते, ती आपल्या सनदी लेखापालास विचारा. हप्ता थकण्याची चिन्हे दिसली तर नोटिसीची वाट न पाहता आधी बँकेत जाऊन बोला. आणि घरचा कागद लिहा.

मुलांना शिकवू नका, असे आम्ही म्हणत नाही. आम्हाला ती सही पुन्हा करावी लागली तर पुन्हा करू, पण यावेळी वाचून करू. गिऱ्हाइकाला कापड देताना आम्ही मीटर दोनदा लावतो. मुलाचे भवितव्य आणि मुलींचा हक्क एकाच कागदावर असताना एकदाही न मोजणे, हा व्यापार नव्हे. अल्लाह आपणा सर्वांना कर्जाच्या ओझ्यापासून सोडवो आणि आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.