दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांच्या असामान्य रचना : स्वरूप व अर्थ

प्रस्तावना :
शस्त्रक्रियेविना रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतील असे शरीरातील महत्त्वाचे स्थान म्हणजे डोळ्याचे दृष्टिपटल होय. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोपची माहिती प्रसिद्ध केली आणि हे स्थान वैद्यकास खुले झाले. या वाहिन्यांची मांडणी व्यक्तिपरत्वे भिन्न असते. म्हणूनच १९३५ मध्ये सायमन व गोल्डस्टीन यांनी ओळख पटविण्यासाठी तिचा उपयोग सुचविला. भिन्नता हाच जेथे नियम आहे, तेथे 'असामान्य' कशास म्हणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सामान्य रचना :
दृष्टिचेता डोळ्यातून जेथे बाहेर पडते, तेथे सुमारे दीड मिलिमीटर व्यासाची फिकट गुलाबी चकती दिसते. तिच्या मध्यातून मध्यवर्ती रोहिणी आत येऊन वर व खाली शाखा पसरविते. मध्यवर्ती नीला त्याच वाटेने रक्त परत नेते.

जन्मजात भेद :
सुमारे एक तृतीयांश डोळ्यांत चकतीच्या कडेपाशी आकड्यासारखी वळलेली सिलिओरेटिनल रोहिणी आढळते. तिचा उगम मध्यवर्ती रोहिणीपासून होत नाही. त्यामुळे मध्यवर्ती रोहिणी अचानक बंद पडली तरी, पीतबिंदूस या रोहिणीचे रक्त मिळत असल्यास, मधली दृष्टी वाचू शकते. येथे वेगळेपण हे वरदानच ठरते.

काही भेद मात्र अन्य अवयवांकडे बोट दाखवितात. 'मॉर्निंग ग्लोरी' या विकृतीत वाहिन्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सरळ बाहेर पडतात. तीत दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो, तसेच कवटीच्या तळाशी दोष असू शकतो. मध्यवर्ती वाहिन्या जवळजवळ नसून सर्व वाहिन्या कडेतूनच निघत असतील, तर मूत्रपिंडांची तपासणी अगत्याची ठरते. कारण पॅक्स-२ या जनुकातील दोष दोन्ही अवयवांवर परिणाम करतो. वायबर्न-मेसन विकारात रोहिणी व नीला केशवाहिन्यांविना थेट जोडल्या जातात. अशीच जोडणी मेंदूतही असू शकते.

नंतर उद्भवणाऱ्या रचना :
दीर्घकालीन मधुमेहात चकतीवर नाजूक नव्या वाहिन्या उगवू शकतात. त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. याउलट, मध्यवर्ती नीलेत अडथळा आल्यास किंवा दृष्टिचेतेच्या आवरणावर गाठ झाल्यास रक्त पर्यायी वाट शोधते व चकतीवर जाड, वळणदार वाहिन्या दिसू लागतात. शिरेतून फ्लुरोसीन हे रंगद्रव्य दिल्यास नव्या वाहिन्यांतून ते झिरपते, पर्यायी वाहिन्यांतून सहसा झिरपत नाही. निदानातील हा फरक मोलाचा आहे.

निष्कर्ष :
जन्मजात रचना बहुधा वर्षानुवर्षे तशीच राहते, तर रोगजन्य रचना बदलते. म्हणून दृष्टिपटलाचे जुने छायाचित्र जपून ठेवणे हितावह होय. नव्या वाहिन्या फुटेपर्यंत दृष्टी उत्तम राहू शकते. 'मला स्पष्ट दिसते' हा मधुमेही व्यक्तीचा निर्वाळा त्यामुळे पुरेसा नाही. नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची नियमित तपासणी आवश्यकच आहे.