वेल्स 1936 : भाकरी, भाषा आणि एक आग

आठव्या हेन्रीच्या 1536 सालच्या कायद्याने वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत विलीन झाला आणि तिथल्या न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली. 1936 साली या घटनेला चारशे वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी वेल्सची लोकसंख्या सव्वीस लाखांच्या आसपास होती. 1931च्या जनगणनेत 9,09,261 लोकांनी आपल्याला वेल्श येते असे सांगितले होते. हे प्रमाण सुमारे 37 टक्के भरते. वीस वर्षांपूर्वी हाच आकडा 9,77,366 होता. वायव्येकडच्या डोंगराळ भागात घरात, शेतावर, दगडाच्या खाणीत आणि प्रार्थनामंदिरात सगळीकडे वेल्शच चाले. पण सरकारी कचेरीचा उंबरा ओलांडला की तिचा अधिकार संपत असे.

दक्षिणेतल्या कोळशाच्या खोऱ्यांपुढचा प्रश्न याहून निकडीचा, पोटाचा होता. पहिल्या महायुद्धानंतर कोळशाच्या परदेशी बाजारपेठा हातच्या गेल्या आणि जहाजे तेलावर चालू लागली. ऑगस्ट 1932 मध्ये वेल्समधल्या विमा उतरवलेल्या पुरुष कामगारांपैकी 42.8 टक्के बेकार होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान चार लाखांहून अधिक माणसे वेल्स सोडून गेली. बेकारभत्ता देताना सबंध घराची मिळकत तपासली जाई. कमावता मुलगा घरात राहत असला तर बापाचा भत्ता कापला जात असे, म्हणून कितीतरी मुलांनी वेगळी बिऱ्हाडे केली. बेकारीने हातचे काम नेले होते, आणि या तपासणीने घरे फोडली. तिच्याविषयीचा संताप खोऱ्यांमध्ये पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला, यात नवल नाही.

1936 या वर्षाची सुरुवात मात्र आनंदाची झाली. डिसेंबर 1935 मध्ये वेल्सने न्यूझीलंडच्या रग्बी संघाला 13-12 असे नमवले होते. 14 मार्च 1936 रोजी कार्डिफला आयर्लंडविरुद्ध निर्णायक सामना झाला, तेव्हा सुमारे 70,000 लोक लोटले. फाटकांवरची गर्दी आवरेना, तेव्हा अग्निशामक दलाने पाण्याचे फवारे सोडले. एकमेव पेनल्टीच्या जोरावर वेल्सने सामना 3-0 असा जिंकला आणि अजिंक्यपदही मिळवले.

मे महिन्यात दक्षिण वेल्सच्या खाणकामगार संघटनेचे अध्यक्षपद कम्युनिस्ट नेते आर्थर हॉर्नर यांच्याकडे आले. जूनमध्ये ऱ्होंडा खोऱ्यातल्या टोनिपँडी येथे ऑस्वल्ड मोझलीच्या फॅसिस्ट पक्षाने सभा घेतली आणि हजारो गावकऱ्यांनी ती उधळून लावली. या प्रकरणात तीसहून अधिक जणांवर खटले भरले गेले. जुलैत स्पेनमध्ये यादवी पेटली. डिसेंबरपासून याच खोऱ्यांतले खाणकामगार तिकडे लढायला जाऊ लागले.

ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आयस्टेडफोड पेंब्रोकशरमधल्या फिशगार्ड या बंदराच्या गावी भरला. कविता, गायन आणि गद्यलेखन यांच्या स्पर्धांचा हा वार्षिक मेळावा म्हणजे वेल्श भाषकांचे मोठे सार्वजनिक व्यासपीठ. वृत्तबद्ध दीर्घकवितेसाठी सन्मानाची खुर्ची दिली जाते. त्या वर्षी ती सायमन बी. जोन्स यांना मिळाली. विषय होता संत डेव्हिडचे तीर्थस्थान. याच स्पर्धेत दुसरे आलेले वाल्डो विल्यम्स पुढे विसाव्या शतकातले श्रेष्ठ वेल्श कवी म्हणून ओळखले गेले.

केट रॉबर्ट्स यांची ‘ट्राइड मेउन कफ्यॉन’ ही कादंबरीही 1936 मध्येच पुस्तकरूपाने आली. पाटीच्या दगडाच्या खाणीवर जगणाऱ्या एका कुटुंबाची ही कहाणी आहे. मुलगा युद्धावर गेलेला असतो आणि एके दिवशी घरी सरकारी कागद येतात. ते इंग्रजीत असतात. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ती ते घेऊन दुकानदाराकडे जाते आणि मुलगा मेल्याचे तिला तिथे कळते. लेखिकेचा स्वतःचा धाकटा भाऊ 1917 साली युद्धात मरण पावला होता. भाषेच्या प्रश्नावर त्या काळी पुष्कळ लिहिले गेले, पण त्याची जखम या एका प्रसंगाइतकी उघडी क्वचितच झाली असेल.

सप्टेंबरचे दिवस विलक्षण होते. 4 तारखेला माजी पंतप्रधान आणि वेल्सचे सर्वांत ख्यातनाम पुत्र डेव्हिड लॉइड जॉर्ज जर्मनीत हिटलरला भेटले आणि त्याची स्तुती करत परतले. 8 तारखेच्या पहाटे लिन द्वीपकल्पातल्या पेनिबर्थ येथे आग लागली.

तिथे ब्रिटिश हवाई दल बाँबफेकीचे प्रशिक्षण केंद्र बांधत होते. इंग्लंडमधल्या काही जागांचाही आधी विचार झाला होता. डॉर्सेटमध्ये हंसांच्या वसतिस्थानाचे आणि नॉर्थंबरलंडमध्ये पक्ष्यांचे व प्राचीन तीर्थाचे कारण पुढे करून विरोध झाला, आणि सरकारने तो मानला. पेनिबर्थचे शेतघरही कवींना आश्रय देणारे आणि बार्डसी बेटाच्या यात्रेकरूंच्या वाटेवरचे होते. भोवतालचा सारा मुलूख वेल्शभाषक होता. लाखो लोकांच्या वतीने निषेध नोंदवला गेला, तरी पंतप्रधान बाल्डविन यांनी शिष्टमंडळाला भेट नाकारली आणि घर पाडले गेले. अर्थात सगळा वेल्स विरोधकांच्या बाजूने होता असे नाही. केंद्रामुळे रोजगार येईल अशी आशा बाळगणारे स्थानिक लोकही होते, आणि मे महिन्यात जवळच्या पुलहेली गावातली निषेधसभा आरडाओरड करून बंद पाडण्याचा प्रयत्न झाला होता.

आग लावण्याची जबाबदारी तिघांनी उघडपणे घेतली : स्वॉन्झीच्या विद्यापीठ महाविद्यालयातले अध्यापक आणि नाटककार सॉन्डर्स लुइस, बॅप्टिस्ट धर्मोपदेशक लुइस व्हॅलेंटाइन आणि कथाकार डी. जे. विल्यम्स. विल्यम्स हे फिशगार्डचेच शाळामास्तर. तिघेही 1925 साली पुलहेलीत स्थापन झालेल्या वेल्श राष्ट्रीय पक्षाचे आघाडीचे लोक होते. बांधकामाच्या लाकडाला आग लावून ते थेट पुलहेलीच्या पोलीस ठाण्यात गेले आणि मुख्य पोलीस अधिकाऱ्याच्या नावे लिहिलेले, तिघांच्या सह्यांचे पत्र त्यांनी तिथे दिले. पकडले जाणे हा बेताचाच भाग होता, कारण त्यांना आपले म्हणणे न्यायालयात मांडायचे होते.

13 ऑक्टोबरला कर्नार्वन येथे खटला उभा राहिला. बाहेर जमाव स्तोत्रे म्हणत होता. आत, वेल्शभाषक मुलखातल्या न्यायालयात, वेल्श बोलणाऱ्या आरोपींना वेल्शमध्ये बोलण्याची मुभा हवी की नको, यावर वाद झडत होता. राज्याच्या कायद्याहून नीतीचा कायदा श्रेष्ठ आहे, या भूमिकेवर लुइस यांनी ज्यूरीपुढे भाषण केले. ज्यूरीचे एकमत झाले नाही. सरकारने खटला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात हलवला आणि तिथे खरी ठिणगी पडली. आग लावणे ज्यांना पटले नव्हते, त्यांनाही वेल्श ज्यूरीवरचा हा अविश्वास झोंबला. हिटलरची स्तुती करणाऱ्या लॉइड जॉर्ज यांनीसुद्धा मुलगी मेगन हिला लिहिलेल्या पत्रात संताप व्यक्त केला.

दरम्यान दक्षिणेतून बेकारांचा भूक-मोर्चा पायी लंडनला गेला होता. 18 आणि 19 नोव्हेंबरला आठवा एडवर्ड खोऱ्यांच्या दौऱ्यावर आला. मर्थरजवळच्या डाउलाइसचा पोलाद कारखाना 1930 साली बंद पडला होता. त्याचे ओसाड सांगाडे पाहून, यांच्यासाठी काहीतरी केलेच पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार राजाने काढले. लोकांनी ते वचन म्हणून धरले. पण सिंहासन सोडल्यामुळे 11 डिसेंबरला तो राजाच राहिला नाही. ट्रिफॉरेस्टची औद्योगिक वसाहत आणि एबू व्हेलचा नवा पोलाद कारखाना यांची तयारी त्या वर्षी चालू होती, पण बेकारीच्या मानाने हे उपाय तोकडे होते. पुढे रोजगार आणला तो युद्धसाहित्याच्या कारखान्यांनी.

19 जानेवारी 1937 रोजी ओल्ड बेलीत तिघांना नऊ महिन्यांची कैद झाली. तिथे त्यांनी इंग्रजीत साक्ष देण्यास नकार दिला होता. महाविद्यालयाने लुइस यांना नोकरीवरून काढले. व्हॅलेंटाइन आणि विल्यम्स यांना मात्र आपापल्या जागी परत जाता आले. त्याच वर्षी मॅखनथ्लेथच्या आयस्टेडफोडला लॉर्ड लंडनडेरी यांना अध्यक्ष म्हणून बोलावले गेले, तेव्हा अनेक परीक्षकांनी राजीनामे दिले. लंडनडेरी हे माजी हवाईमंत्री. भारताच्या सरहद्दीवर बाँबविमाने वापरण्याची मुभा राखल्याचे श्रेय त्यांनी 1935 मध्ये स्वतःकडे घेतले होते.

सुटून आलेल्या तिघांचे सप्टेंबर 1937 मध्ये कर्नार्वनला सुमारे 15,000 लोकांनी स्वागत केले. 1938 साली न्यायालयांत वेल्शला स्थान द्यावे यासाठी अर्ज निघाला आणि त्यावर तीन लाखांहून अधिक सह्या जमल्या. 1942च्या कायद्याने 1536चे भाषाविषयक कलम रद्द केले. इंग्रजीत बोलावे लागल्याने ज्यांची अडचण होईल त्यांनाच वेल्शमध्ये साक्ष देण्याची परवानगी मिळाली. दोन्ही भाषा येणाऱ्याला तो हक्क 1967च्या वेल्श भाषा कायद्यापर्यंत मिळाला नाही.