नोहाचा जलप्रलय : साऱ्या पृथ्वीवर की एका खोऱ्यात?

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात सहाव्या ते नवव्या अध्यायांत नोहाची कथा येते. माणसांच्या दुष्टपणाने व्यथित झालेला देव जलप्रलय आणतो आणि नोहाचे कुटुंब व प्राण्यांच्या जोड्या तेवढ्या तीनशे हात लांबीच्या तारवात, म्हणजे सुमारे १३५ मीटर लांबीच्या बंदिस्त जहाजात, वाचतात. हे पाणी साऱ्या पृथ्वीवर चढले असे शब्दशः मानावे, की तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यातील, म्हणजे आजच्या इराकमधील, एखाद्या भीषण महापुराची ती स्मृती समजावी, हा वाद प्रामुख्याने ख्रिस्ती श्रद्धावानांनीच आपापसात घातला आहे.

त्याचे निर्णायक पर्व एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये घडले. ऑक्सफर्डचे भूवैज्ञानिक आणि धर्मगुरू विल्यम बकलंड यांनी यॉर्कशरमधील कर्कडेल गुहेत सापडलेली तरस, हत्ती, पाणघोडा यांची हाडे तपासली. ही तरसांची गुहा होती आणि हाडांवरचा गाळ जगद्व्यापी प्रलयाने आणला, असे त्यांनी १८२३ च्या ग्रंथात मांडले. पुढे मात्र युरोपभर विखुरलेले, त्याच प्रलयाचे मानलेले वाळू-गोट्यांचे थर एकाच काळातले नाहीत, हे जमिनीचे निरीक्षण वाढले तसे उघड होत गेले. केंब्रिजचे प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक, तेही धर्मगुरूच, यांनी १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून आपले आधीचे मत जाहीरपणे मागे घेतले आणि बकलंड यांनीही १८३६ पर्यंत तोच मार्ग धरला. आपल्या श्रद्धेला सोयीचा पुरावा टिकत नाही असे दिसताच तो सोडून देणाऱ्या या माणसांचा प्रामाणिकपणा विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या आदराने नोंदवावा असा आहे.

यानंतर जॉन पाय स्मिथ आणि ह्यू मिलर यांच्यासारख्या धर्मनिष्ठ लेखकांनी स्थानिक प्रलयाचा अर्थ मांडला : कथाकाराचे ‘जग’ म्हणजे त्याला ठाऊक असलेला प्रदेश. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी निनेवे या प्राचीन नगरातील मातीच्या पाटीवरील, देवांनी आणलेल्या पुराची आणि नौकेतून वाचलेल्या माणसाची बाबिलोनी कथा वाचून दाखवली, तेव्हा या मताला बळ आले. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूली यांना त्याच खोऱ्यातील ऊर या प्राचीन नगरात पुराच्या गाळाचा जाड थर सापडला. परंतु इतर नगरांतील अशा थरांचे काळ वेगवेगळे निघाल्यामुळे हाच तो प्रलय असे बोट ठेवता येत नाही.

स्थानिक अर्थाची खरी अडचण मूळ कथेतच आहे. सर्व उंच पर्वत बुडाले आणि पाणी त्यांच्यावर पंधरा हात चढले, असे ती सांगते. पूर एका खोऱ्यापुरताच असता तर नोहाला चालत डोंगराकडे जाता आले असते, आणि पक्ष्यांना तारवात घेण्याचे कारणच उरले नसते. शब्दशः अर्थ मानणाऱ्यांचा हा आक्षेप रास्त आहे. १९६१ मध्ये धर्मशास्त्राचे अभ्यासक जॉन व्हिटकोम्ब आणि जलशास्त्राचे अभियंते हेन्री मॉरिस यांनी अमेरिकेत त्याच भूमिकेवर ग्रंथ लिहिला आणि बहुतेक खडकांचे थर प्रलयाच्या एका वर्षात साचले असे प्रतिपादन केले. ते मात्र खडकांनाच मान्य नाही : त्या थरांच्या मधोमध पाणी आटून बनलेले मिठाचे जाड साठे आणि कोरड्या जमिनीवर उमटलेली प्राण्यांची पावले आढळतात, तर ग्रीनलंडचा बर्फ एक लाखाहून अधिक वर्षे साचत आलेला आहे.

तेव्हा कथेत वर्णिलेला प्रलय सर्वव्यापी आहे आणि भूगर्भात तशा प्रलयाचा पुरावा नाही, ही दोन्ही विधाने एकत्र मान्य करणे अधिक सरळ ठरते. उत्पत्तीच्या लेखकाने मेसोपोटेमियात, म्हणजे त्याच दोन नद्यांच्या प्रदेशात, रूढ असलेली कथा घेऊन तिचा गाभा बदलला. अत्राहासिसच्या बाबिलोनी काव्यात माणसांच्या गोंगाटाने झोपमोड झालेला देव पूर आणतो, तर येथे हिंसाचार हे कारण आहे, आणि शेवटी देव पुन्हा असा प्रलय न आणण्याचा जो करार करतो, त्यात माणसांबरोबर तारवातून बाहेर पडलेले पशुपक्षीही पक्षकार आहेत.