ओ दिसणारे, पण ओ नसलेले रक्त

1952 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका अनोख्या रक्तगटाची नोंद छापून आली. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले होते, की त्याला ए, बी तर सोडाच, ओ गटाचे रक्तही चालेना. आज जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. अनुवंशाचे नियम शिकायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्यातली एक दुसरीला झाकू शकते. मेंडेलने 1866 साली वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून हेच मांडले: उंच आणि बुटक्या झाडांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच निघतात, आणि पुढच्या पिढीत साधारण चारांतले एक पुन्हा बुटके. बुटकेपणा नाहीसा झालेला नसतो, नुसता झाकलेला असतो. रक्तगटांत ए आणि बी हे ओला झाकतात. ए व बी एकत्र आले तर दोघेही दिसतात.

इथवर शाळेत शिकवतात. पण ए-बी-ओचे जनुक नवव्या गुणसूत्रावर एकटे काम करत नाही. एकोणिसाव्या गुणसूत्रावरचे एच जनुक आधी तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एक शर्करा बसवते, आणि ए किंवा बीची शर्करा तिच्यावरच चढते. खुंटीच नसेल तर टोपी टांगणार कुठे? ज्याच्या एचच्या दोन्ही प्रती निकामी, त्याच्याकडे ए जनुक असूनही ते दिसत नाही. साध्या तपासणीत त्याचे रक्त ओ भासते. ओ गटाच्या पेशींवर मात्र एच भरपूर असते, आणि या माणसाचे शरीर एचलाच परके मानते. म्हणून ओचे रक्त दिले तर जिवावर बेतू शकते. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. वडिलांचा अहवाल ओ, आईचा ओ, मुलाचा ए. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हे होऊच शकत नाही, आणि अशा वेळी संशयाचे बोट आईकडेच वळते. प्रत्यक्षात वडील बॉम्बे गटाचे असू शकतात. त्यांचे झाकलेले ए मुलाकडे आले, आईकडून चांगले एच मिळाले आणि ए उघड झाले. एवढ्याशा कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे अज्ञानाचे आहे, आणि क्रूरही.

मुंबई परिसरात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा मानतात. दहा हजारांत एक म्हणजे निकामी प्रत शंभरांत एक. तेव्हा सरळ गणिताने पन्नासांतला एक जण ती नकळत बाळगतो. त्याला काहीच त्रास नसतो. असे दोघे नवरा-बायको झाले तर प्रत्येक अपत्याला बॉम्बे गट असण्याची शक्यता पंचवीस टक्के. आधीच्या मुलाला तो गट असला, तरी पुढच्याची शक्यता तेवढीच राहते. नात्यातल्या लग्नांत एकाच आजोबांची निकामी प्रत दोन्हीकडून येऊ शकते, म्हणून तिथे हा गट अधिक आढळतो.

सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता इतर कुणाहीपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणूनच बॉम्बे गटाच्या रुग्णाला रक्त लागले, की आधी त्याच्या भावा-बहिणींची तपासणी करतात.