परदेशी खेळावयास जाताना

मैदानावर दिसणारा खेळ घटका-दोन घटकांत संपतो. त्यामागील तयारी मात्र कित्येक महिने चाललेली असते, आणि ती सगळीच काही दंडबैठकांची नसते. विदर्भातील खेळाडूंना परदेशाची वाट नवी नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 सालीच बर्लिन येथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. उद्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील, पुसद, वणी किंवा दारव्हा येथील, एखाद्या मुलाची वा मुलीची परदेशातील उन्हाळी स्पर्धेसाठी निवड झाली, तर काय काय करावे लागेल? अंगात बळ आणि हातात कसब असले म्हणजे पुरे, असे कोणास वाटेल. परंतु तेवढ्याने भागत नाही, हे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्या चरित्रावरून चांगले कळते.

खाशाबांचा जन्म 1926 साली सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. आखाड्याच्या तांबड्या मातीत ते कुस्ती शिकले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत ते उतरले, तेव्हा पायाखाली माती नव्हती. गादी अंथरलेली होती. मातीत पाय रुततो, गादीवर तो रुतत नाही. त्यामुळे पावलांची ठेवण बदलावी लागते. नियमही निराळे होते. मातीत पाठ टेकली, की कुस्ती निकाली झाली. तेथे मात्र पाठ टेकली नाही, तरी ठरलेली वेळ संपताच पंच निर्णय देत. अशा अनोळखी परिस्थितीतही खाशाबांनी 52 किलो वजनगटात सहावा क्रमांक मिळविला. पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली.

म्हणून जेथे खेळावयाचे, तेथील जमीन कशी आहे हे आधी जाणून घ्यावे व शक्य तर तशाच जमिनीवर सराव करावा. हॉकीचेच पाहा. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठे सामने कृत्रिम हिरवळीवर होऊ लागले. मुरमाच्या मैदानावर उसळत येणारा चेंडू तेथे सपाट व वेगाने धावतो.

जमिनीनंतर हवामानाचा विचार करावयाचा. यवतमाळात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ऐन जुलैतही तो साधारण 20 अंशांच्या आसपास असतो आणि रात्र जेमतेम सहा तासांची असते. तेव्हा तेथे जाणाऱ्याने उन्हाळा आहे म्हणून लोकरी कपडे घरी ठेवू नयेत. झोपताना डोळ्यांवर बांधावयास काळी पट्टी घ्यावी. दूरच्या देशातील घड्याळ आपल्याहून मागे वा पुढे असते. शरीराला ते अंगवळणी पडावयास काही दिवस लागतात. यासाठी सामन्यापूर्वी काही दिवस आधीच तेथे पोहोचणे हिताचे.

आहाराची सवयही घरूनच लावावी. पाव, दूध, फळे व उकडलेल्या भाज्या यांवर चार दिवस राहून पाहावे. कुस्तीसारख्या खेळात वजनगट ठरलेला असतो. अन्न बदलल्याने वजन वाढले, तर खेळाडू सामन्याआधीच बाद होतो. औषधांच्या बाबतीत तर फारच जपावे. सर्दी-खोकल्याच्या काही साध्या औषधांतही स्पर्धेत निषिद्ध असलेली द्रव्ये असू शकतात. त्यामुळे डॉक्टरांना आपण खेळाडू असल्याचे सांगावे आणि त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी जवळ बाळगावी.

कागदपत्रांची तयारी सर्वांत आधी सुरू करावी. पासपोर्ट हा परदेशातील आपल्या ओळखीचा दाखला. ज्या देशात जावयाचे, त्याने दिलेली प्रवेशाची परवानगी म्हणजे व्हिसा. अठरा वर्षांखालील मुलांच्या पासपोर्टसाठी आईवडिलांची संमती लागते. जन्मदाखल्यावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे असेल तर ते वेळीच दुरुस्त करून घ्यावे.

नियमांची माहिती असणे व ती मांडणारा माणूस पाठीशी असणे, यांचे मोल खाशाबांना 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कळले. एक दीर्घ कुस्ती संपताच त्यांना लगेच दुसरीसाठी बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण त्यांची बाजू मांडावयास त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या शरीराने ते लढले व हरले. तरीही 57 किलो वजनगटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

परंतु खाशाबा हेलसिंकीला पोहोचले, तेच मुळी अनेकांच्या आधारावर. प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. या गौरवात ते ऋण विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरविले, स्वतः लढून बक्षिसे मिळविली आणि त्या पैशांतून गुरुजींचे घर सोडवून दिले.

परदेशी जाणाऱ्या खेळाडूच्या पेटीत बूट, कपडे व कागदपत्रे असतात. ती कोणालाही दिसतात. ती पेटी भरण्यासाठी घरच्यांनी, गावाने आणि गुरुजनांनी काय दिले, हे मात्र खेळाडूने स्वतःच ध्यानात ठेवावयाचे असते.

स्वाध्याय
1. मातीतील कुस्ती व गादीवरील कुस्ती यांत कोणता फरक आहे?
2. खेळाडूने औषध घेताना कोणती काळजी घ्यावी? का?
3. हेलसिंकी येथे भारतीय अधिकारी हजर असता, तर काय घडले असते असे तुम्हांस वाटते?
4. तुमच्या गावातील एका मैदानाचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.